पाळीव सशाचें पोट व त्याचा चारा

शेतकऱ्यांच्या मासिकांत सशावर लेख पाहून कित्येक वाचकांस हसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. ज्याच्या दावणीस बैल, गाय, म्हैस बांधलेली आहे, त्यानें दोन किलो वजनाच्या प्राण्याच्या पोटाची चिंता करीत बसावें, हें प्रथमदर्शनीं पोरखेळासारखेंच वाटतें. परंतु अलीकडे आमच्या परंडा तालुक्यांत मुलांच्या हट्टाखातर पांढरा विलायती ससा घरीं आणण्याची चाल पडली आहे. बार्शीस, सोलापुरास किंवा पुण्यास गेलेला मनुष्य परत येतांना पुठ्ठ्याच्या खोक्यांत एक जोडी घेऊन येतो. चार दिवस साऱ्या आळींतील मुलें त्या खोक्याभोंवतीं जमतात, आणि बहुधा पंधरा दिवस ते महिना एवढ्या अवधींत त्या जोडीची कथा संपते. मुलें रडतात, वडील माणसें कोणी म्हणतात नजर लागली, कोणी म्हणतात आपल्या हवेस हें जनावर मानवत नाहीं.

आमच्या मतें हवेचा दोष थोडा व लाडाचा फार. भाकरीचा कुस्करा, बिस्किटें, गूळ, केळें, भिजविलेले हरभरे, दुधांत कालविलेला भात, जें जें आपल्यास गोड लागतें तें तें आपण त्याच्यापुढें मांडतों, आणि जें त्याचें खरें अन्न, म्हणजे वाळलेलें गवत, तें मात्र जनावराचें खाणें म्हणून त्यास देत नाहीं. पाहुण्याप्रमाणें जेवूं घातलेला ससा मरतो. गुराप्रमाणें चारलेला जगतो. आम्ही पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यांत जन्मभर कारकुनी केलेला मनुष्य आहों. तथापि नातवंडांनीं आणलेले ससे कांहीं वर्षें आमच्याच पडवींत नांदत आहेत, आणि या विषयावरील जाणत्या लोकांचें लिखाण आम्हीं मिळेल तेवढें वाचून पाहिलें आहे. त्यांतील उपयोगाचा भाग येथें देतों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्वारीच्या काढणीच्या वेळीं पायांतून उठून पळणारा, करड्या-तपकिरी रंगाचा आपल्या शिवारांतील ससा, व घरांत पाळावयाचा ससा, हे एक नव्हेत. रानसशाचें पिलूं जन्मतांच डोळे उघडे ठेवून व अंगावर केंस घेऊन येतें. पाळीव सशाचें पिलूं उघडें व आंधळें जन्मतें, आणि त्याचे डोळे दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. रानससा उघड्यावर बसतो. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळांत राहणारा. या दोघांचा संकरही होत नाहीं. सुगींत एकटें बसलेलें रानसशाचें पिलूं दिसलें कीं 'आई टाकून गेली' असें समजून मुलें तें उचलून आणतात. वास्तविक ती आई दिवसा मुद्दाम दूर राहते व अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. असें पिलूं होतें तेथेंच राहूं द्यावें. एक तर तें घरीं जगत नाहीं, आणि दुसरें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें रानसशास मारणें अथवा पकडून ठेवणें हा गुन्हा आहे. येथून पुढील सर्व मजकूर पाळीव सशाविषयीं समजावा.

आतां त्याच्या शरीराची रचना पाहूं. सशास एकंदर २८ दांत असतात व ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत तर आठवड्यास सुमारें २ मिलिमीटर वाढतात. वरच्या पुढच्या दांतांच्या मागें आणखी एक बारीक जोडी दडलेली असते. उंदीर-घुशींस ती नसते. अशाच भेदांवरून १९१२ सालीं गिडली नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सशांस उंदरांच्या वर्गांतून काढून त्यांचा स्वतंत्र वर्ग मानला. तोंपर्यंत बिचारा पुस्तकांतही उंदरांच्याच पंक्तीस बसे. असो. दांत वाढतात त्या मानानें ते झिजलेही पाहिजेत, आणि त्यांस झिजविणारी कानस म्हणजे गवताची काडी. भात-भाकरी दोन घांसांत गिळली जाते; तीच भूक गवतानें भागवावयाची तर सशास तासन् तास जबडा आडवा हलवावा लागतो. ज्यास असें चावावयास मिळत नाहीं त्याच्या दाढा वांकड्या वाढून गालांत व जिभेंत रुततात, आणि मग पुढें चांगला चारा टाकला तरी दुखण्यामुळें तो खात नाहीं.

दुसरी गोष्ट, सशास ओकतां येत नाहीं. कुत्र्या-मांजरांनीं भलतेंच खाल्लें तर तीं ओकून मोकळीं होतात. सशाच्या पोटांत गेलेली वस्तु मागें फिरत नाहीं, तिला पुढेंच जावें लागतें. म्हणून पुढची वाट सतत चालूं राहणें यावरच त्याचा जीव अवलंबून आहे.

ती वाट कशी चालते, हें आपल्या लोकांस खळ्याच्या व पेवाच्या उदाहरणानें चांगलें समजेल. सशाच्या लहान आंतड्याच्या शेवटीं एक मोठी आंधळी पिशवी असते. वैद्यकाच्या पुस्तकांत तिला उंडुक म्हणतात. पोटांतील एकंदर ऐवजापैकीं सुमारें चार दशांश भाग या एका पिशवींत सांठलेला असतो. हें त्याचें पेव होय. पेवाच्या तोंडाशीं, म्हणजे मोठ्या आंतड्याच्या आरंभीं, उफणणी चालते. खळ्यावर वाऱ्यानें भूस उडून बाजूला पडतें व दाणा आपण पेवांत घालतों, तसेंच येथें होतें. गवताचे जाड, न पचणारे धागे पुढें ढकलले जाऊन त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या होतात व त्या बाहेर पडतात. बारीक कण व पाणी उलट मागें लोटलें जाऊन पेवांत शिरतें. तेथें कोट्यवधि सूक्ष्म जंतू तें आंबवितात. आपण मुरघास करतों त्याच जातीचें हें काम आहे. त्या आंबण्यांतून निघालेलीं आम्लें सशाच्या अंगीं लागतात.

पेवांत मुरलेला हा ऐवज दिवसाकाठीं एक-दोन वेळां, बहुधा उत्तररात्रीं किंवा सकाळच्या शांत वेळीं, निराळ्या प्रकारच्या लेंड्यांच्या रूपानें बाहेर येतो. या लेंड्या मऊ, चकचकीत, बारीक द्राक्षांच्या घडाप्रमाणें एकमेकींस चिकटलेल्या असतात. ससा मान खालीं घालून त्या गुदद्वारापासूनच तोंडांत घेतो व न चावतां गिळतो. घरांतील बायकामाणसें हें पाहून किळस करतात, व कोणी कोणी त्यास तसें करूं नये म्हणून हांकतातही. तें सर्वथा चुकीचें आहे. गाय जें काम रवंथ करून साधते तें ससा असें साधतो. जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व ब वर्गाचीं जीवनसत्त्वें त्यास याच दुसऱ्या फेऱ्यांत मिळतात. यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथांत ससा रवंथ करणाऱ्या जनावरांत घातला आहे. त्यावर पुढें पुष्कळ वाद माजला, कारण सशास गाईसारखें चार कप्प्यांचें पोट नाहीं. १८८२ सालीं मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें या दोन प्रकारच्या लेंड्यांचें वर्णन केलें. परंतु त्याकडे कोणाचें विशेष लक्ष गेलें नाहीं, आणि १९३९ सालीं 'नेचर' या इंग्रजी शास्त्रीय पत्रांत मॅडसन याचा 'ससा रवंथ करतो काय' या मथळ्याचा लेख आल्यावर ती गोष्ट सर्वत्र चर्चेंत आली. रोज पिंजरा झाडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट विद्वानांच्या नजरेस यावयास इतका काळ लागावा, याची मौज वाटते.

या रचनेवरून पथ्य आपोआप ठरतें. जाड धागा हा सशास पचत नाहीं, पण तोच आंतड्यांस हालतें ठेवतो. भूसच नसेल तर उफणणी कशाची करावयाची? आंतडें मंदावतें, खाल्लेलें आंत पडून राहतें, अंग चाटतांना पोटांत गेलेले केंस त्यांत गुंततात, आणि सर्व मिळून घट्ट गोळा होतो. उलट पिठूळ व गोड पदार्थ अधिक झाले म्हणजे न पचलेलें पीठ पेवांत उतरतें. ओल लागलेलें पेव उघडतांना आंत उतरलेलीं माणसें दगावल्याच्या गोष्टी आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत. सशाच्या पोटांतही तसाच प्रकार होतो. चांगले जंतू मागें पडून विषारी जंतू माजतात, वायु धरतो, पोट नगाऱ्यासारखें होतें किंवा पातळ हगवण लागते. लहान पिलूं अशा हगवणींत एका दिवसांत जातें.

तेव्हां मुख्य अन्न वाळलेलें गवत, व तें अष्टौप्रहर पुढें असलें पाहिजे. सशाच्या एकंदर खाण्यांत पांचापैकीं चार हिस्से गवत असावें, असें सर्व जाणते लोक सांगतात. एवढ्यानें काय पोषण होणार, अशी शंका येईल. तिचें उत्तर ऑस्ट्रेलियानें दिलें आहे. १८५९ सालीं टॉमस ऑस्टिन नांवाच्या एका जमीनदारानें शिकारीच्या हौसेनें थोडेसे विलायती ससे आपल्या जमिनींत सोडले. त्यांची प्रजा इतकी वाढली कीं पुढें मेंढ्यांचीं कुरणें उजाड झालीं, व सरकारास शेंकडों कोस लांबीचीं कुंपणें घालावीं लागलीं. त्या सशांस कोणी बिस्किटें घातलीं नव्हतीं; कुरणांतल्या पाल्या-गवतावरच ते माजले.

आमच्या तालुक्यांत चाऱ्याची चणचण ही नवी गोष्ट नाहीं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप आहेत, आणि २०१३ व २०१९ सालच्या चारा-छावण्या तर कालपरवाच्या. म्हणून सशास किती गवत लागेल हा हिशेब करून ठेवणें बरें. दोन किलो वजनाचा ससा दिवसास ८० ते १०० ग्रॅम वाळलेलें गवत खातो. वर्षाचें होतें ३० ते ३६ किलो. थोडी नासधूस धरली तरी चाळीस किलोंत वर्ष निघतें. मोठ्या बैलास आठवड्यास जेवढी वैरण लागते, तेवढ्यांत एका सशाचें वर्ष जातें. ज्यास हें परवडत नाहीं असा जमीनधारक विरळा.

कोणतें गवत द्यावें? बांधावरील मारवेल, पवना हीं उत्तम. परंतु आम्ही पहिला मान हरळीस देतों. काळ्या रानांत हरळी काढतांना आपल्या लोकांचे पैसे व कंबर दोन्ही मोडतात. तीच हरळी मुळावरची माती झाडून, कापून, सुकवून ठेवली तर सशास याहून आवडतें दुसरें गवत नाहीं. शेतकऱ्याच्या शत्रूस कोठें तरी गिऱ्हाईक मिळालें, एवढेंच आमचें समाधान! कुसळी गवत मात्र फुलोऱ्यानंतर देऊं नये. त्याचीं कुसळें जिभेंत, हिरड्यांत व डोळ्यांत रुततात. कडब्याची वाळलेली पात चालते. तिच्यांत सत्त्व थोडें, पण धागा चांगला, आणि उन्हाळ्यांत दुसरें कांहीं नसतें तेव्हां तिचा आधार होतो. ताटाचा बुडखा त्याच्या उपयोगाचा नाहीं. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या हिरव्या ज्वारीनें गुरें दगावतात हें सर्वांस ठाऊक आहे. ती सशासही वर्ज्य समजावी. सीना-कोळेगांवच्या पाण्यावर ऊस झाल्यापासून वाढें सर्वत्र मिळतें. त्याचा शेंड्याकडील कोवळा भाग कधींमधीं घालावा, नित्य नको. आणि आजकाल बांधावर तणनाशक मारण्याची वहिवाट पडली आहे. जेथें औषध मारलें असेल, किंवा शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा झोत येत असेल, त्या बांधाची काडीही घरीं आणूं नये.

हिरवा पाला हा जेवणांतील कोशिंबिरीप्रमाणें. दिवसांतून दोन वेळां मूठ-मूठभर पुरे. कोथिंबीर, शेपू, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला हे चांगले. पालकांत मूत्रमार्गास बाधणारें आम्ल असतें. तो आठवड्यांतून एखाद दिवस द्यावा. कोबीनें कांहीं सशांस वायु धरतो. पाला धुवून, पाणी निथळूं देऊन द्यावा. उन्हांत ढीग करून तापलेला किंवा पिवळा पडून आंबूं लागलेला कदापि देऊं नये. नवीन कोणताही पाला प्रथम दोन पानें, दुसऱ्या दिवशीं चार, असा वाढवीत न्यावा, म्हणजे पेवांतील जंतूंस सवय होण्यास आठवडा-दहा दिवसांचा अवकाश मिळतो. बाजारांतून एकाएकीं आलेल्या भाजीच्या टोपलीनें जेवढे ससे मेले असतील, तेवढे मांजरानें मारले नसतील, असें आम्हांस वाटतें.

लसूणघास हा प्रश्न थोडा निराळा आहे. दुभत्या जनावरांसाठीं पुष्कळांकडे त्याचा वाफा असतो, आणि ससा तो अधाशीपणें खातो. त्यांत प्रथिनें पुष्कळ, तसा चुन्याचा अंशही पुष्कळ. इतर जनावरें अन्नांतील चुना गरजेपुरताच अंगांत घेतात. ससा मात्र मिळेल तेवढा शोषून घेतो व जादा झालेला मूत्रावाटे टाकतो. सशाचें मूत्र थोडेंफार गढूळ असतेंच. परंतु तें वाळल्यावर खाली पांढरा जाड थर बसूं लागला, किंवा त्यास लघवीला कुंथावें लागूं लागलें, तर मूत्राशयांत खडा होण्याची भीति असते. सहा महिन्यांच्या आंतील वाढत्या पिलांस व पाजणाऱ्या मादीस लसूणघास उपकारक आहे. मोठ्या सशास तो कधीं तरी चवीपुरता. भुईमुगाच्या वेलांसही हाच नियम लावावा, आणि त्यांस बुरशी तर लागलेली नाहीं ना, हें डोळ्यांत तेल घालून पहावें. कारण बुरशीचें विष सशास इतर बहुतेक जनावरांपेक्षां लवकर बाधतें.

आम्हीं सशास गुराप्रमाणें चारावें असें वर म्हटलें. तें वैरणीपुरतेंच खरें. गोठ्यांतील पाटींतलें त्यास कांहीं घालूं नये. सरकीच्या पेंडींत एक विषारी द्रव्य असतें. तें मोठ्या गुरांस त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटामुळें सोसतें, सशास सोसत नाहीं. सुबाभळीच्या पाल्याचेंही तसेंच. तो फार खाल्ल्यानें सशाचे केंस गळतात. युरिया लावून मऊ केलेला कडबा गुरांस ठीक, सशास घातक. मक्याचा व ज्वारीचा भरडा पिठूळ आहे. त्याचा दोष वर सांगितलाच. कोंबड्यांचें तयार खाद्य तर मुळींच देऊं नये. त्यांतील कांहींत कोंबड्यांच्या रोगावरचीं अशीं औषधें मिसळलेलीं असतात कीं तीं सशाच्या जिवावर बेततात. सशासाठीं म्हणून शहरांत जें गोळ्यांचें खाद्य मिळतें तें चालतें. परंतु त्यांतील गवत बारीक दळलेलें असल्यानें त्यानें आंतड्यांस हवी तशी चालना मिळत नाहीं. वजनाच्या दर किलोमागें दिवसास २५ ग्रॅमपेक्षां तें अधिक नको. कांदा, लसूण, बटाट्याचा व टमाट्याचा पाला, कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी हीं वर्ज्य. घाणेरी व कण्हेर कुंपणास लावलेलीं असतात, म्हणून ससा अंगणांत मोकळा सोडतांना ध्यानांत ठेवावें.

आणि गाजर! ससा म्हटलें कीं गाजर हें समीकरण मुलांच्या डोक्यांत चित्रपटांनीं घातलें आहे. १९४० सालापासून अमेरिकेंतील बग्ज बनी नांवाचा चित्रांतील ससा पडद्यावर गाजर कुरतडीत आला, व त्याचें पाहून जगांतले खरे ससे गाजरें खाऊं लागले. गाजरांत साखर बरीच असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा दोन-तीन दिवसांनीं एकदां दिला तर हरकत नाहीं; केळें, सफरचंद, द्राक्ष यांचेंही तेंच. गूळ, साखर, बिस्किट, चपाती यांस पिंजऱ्याजवळ फिरकूंही देऊं नये. मुलांचें मन मोडत नसेल तर त्यांच्या हातांत कोथिंबिरीची काडी द्यावी. सशास ती भरवितांना होणारा आनंद बिस्किट भरविण्याच्या आनंदाहून कमी नसतो.

ससा विकत घेतांनाच पुष्कळांचें नुकसान ठरून गेलेलें असतें. मुठींत मावणारें पिलूं गोजिरें दिसतें म्हणून विकणारे तें तीन-चार आठवड्यांचें असतांनाच आईपासून तोडतात. सशी आपल्या पिलांस दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, चार-पांच मिनिटें पाजते. परंतु त्या दुधापासून पिलाच्या पोटांत एक स्निग्ध द्रव्य तयार होतें व तें वाईट जंतूंस वाढूं देत नाहीं. मोठ्या सशाच्या पोटांत तीव्र आम्ल असतें, पिलाच्या पोटांत तें अजून आलेलें नसतें. याच काळांत पिलूं आईच्या मऊ लेंड्या चघळून आपल्या पेवांत जंतूंचें विरजण घालून घेतें. दूध तुटलें, आम्ल आलें नाहीं, विरजणही लागलें नाहीं, अशा अवस्थेंत तें पिलूं आपल्या घरीं येतें आणि आपण त्यापुढें भात व केळें ठेवतों. तें हगवणीनें गेलें तर नवल काय? आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं घेऊं नये. विकणारा तें काय खात होतें तें सांगत असेल, तर तेंच पहिला आठवडा घालावें व हळूहळू गवतावर आणावें. गाईचें दूध देऊं नये.

आतां आमच्या धंद्याला शोभेल अशी एक सूचना करतों. ज्याप्रमाणें तलाठ्याकडील पीकपाहणीवरून गांवाची स्थिति कळते, त्याप्रमाणें लेंड्यांवरून सशाच्या पोटाची स्थिति कळते. सकाळीं पिंजरा झाडतांना आम्ही त्या पाहतों व भिंतीवरील दिनदर्शिकेवर एक खूण करतों. चांगल्या सशाच्या लेंड्या दिवसास शें-दोनशें तरी पडतात. त्या गोल, सारख्या आकाराच्या, कोरड्या असतात, व बोटांत चुरल्या असतां आंत गवताचा भुसा दिसतो. त्या लहान, काळ्या, वेड्यावांकड्या होऊं लागल्या तर गवत कमी पडत आहे किंवा पाणी कमी आहे. माळेसारख्या केंसांनीं गुंफलेल्या निघाल्या तर अंगाचे केंस गळत आहेत. त्याचें अंग रोज विंचरावें व गवत वाढवावें. मऊ लेंड्या न खातां तशाच पडून राहूं लागल्या, तर अन्न फार पौष्टिक होत आहे, किंवा ससा इतका लठ्ठ झाला आहे कीं त्याचें तोंड मागें पोहोंचत नाहीं. गोळीखाद्य व फळें लगेच बंद करावीं. हें निदान करण्यास पैसा लागत नाहीं, आणि दहा वर्षांचा मुलगाही तें शिकतो. आमच्या घरीं ही नोंद आतां नातवंडेंच ठेवतात. त्यांच्या नोंदींत खाडाखोड पुष्कळ असते, तरी लबाडी नसते.

ज्या दिवशीं खूण करावयास कांहींच नसेल तो दिवस धोक्याचा. ससा अर्धा दिवस खात नाहीं, लेंडी टाकीत नाहीं, कोपऱ्यांत पाठ वांकवून बसतो, दांत करकरवितो, पोट ताठ लागतें. यांपैकीं कांहींही दिसलें तर 'उद्यां पाहूं' म्हणूं नये. गाय एक दिवस उपाशी राहिली तर तिचें निभावतें. सशाचें आंतडें एकदां थांबलें कीं तें आपण होऊन सुरू होणें कठीण, आणि दुसऱ्या दिवशीं बहुधा उशीर झालेला असतो. त्यास ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें. पोट फुगलेलें असतांना जबरदस्तीनें कांहीं भरवूं नये; ओवा-हिंगाचे काढे, सोडा, एरंडेल यांचे प्रयोग करूं नयेत.

औषधांविषयीं एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. घरांत मुलांसाठीं आणलेल्या औषधाच्या बाटल्या असतात, व ससा मलूल दिसला कीं त्यांतील थेंब-दोन थेंब पाजण्याचा मोह होतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, तसेंच क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन हीं माणसांस चालणारीं प्रतिजैविकें सशाच्या तोंडावाटे पोटांत गेलीं असतां पेवांतील उपयुक्त जंतू मारून टाकतात. मागें विषारी जंतूंस रान मोकळें होतें, आणि ससा मूळच्या दुखण्यानें न मरतां औषधानें मरतो. मोठ्या जनावरांचा सराव असलेल्या वैद्यासही सशांचे रोगी क्वचित् पहावयास मिळतात. म्हणून दवाखान्यांत गेल्यावर 'हें औषध तोंडावाटे सशास चालतें ना?' एवढें नम्रपणें विचारून घेण्यांत कमीपणा नाहीं.

पाण्याविषयीं लोक अजून समजतात कीं ससा पाणी पीत नाहीं. पाल्यावर राहणारा ससा पाणी कमी पितो हें खरें. सुक्या गवतावर राहणाऱ्यास वजनाच्या किलोमागें दिवसास सुमारें १०० मिलिलिटर पाणी लागतें, व चैत्र-वैशाखांत त्याहून अधिक. पाणी जड मातीच्या परळांत ठेवावें, म्हणजे उलटत नाहीं व गारही राहतें. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. सशास घाम येत नाहीं. त्याची उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते. उष्मा झाला कीं तो खाणें सोडतो, आणि खाणें सुटलें कीं आंतडें थांबतें. उन्हाळ्यांतील पुष्कळ मृत्यु असे पोटावाटेच होतात. पत्र्याच्या छपराखालीं पिंजरा कधींही ठेवूं नये. जुन्या माळवदाच्या घरांत आंतल्या खोलीची फरशी त्यास पुरते. नसेल तर ओलें गोणपाट पिंजऱ्याच्या एका बाजूस टांगावें, वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी, आणि चारा सकाळीं लवकर व रात्रीं घालावा. दुपारीं तो खातच नाहीं.

वर्षाचें गवत एकदांच करून ठेवणें सोईचें. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडल्यावर, गवत फुलोऱ्यास येत असतां पण दाणा भरण्यापूर्वीं कापावें. एक दिवस उन्हांत पसरून, मग दोन-तीन दिवस सावलींत उलथें-पालथें करीत वाळवावें, म्हणजे हिरवट रंग व वास टिकतो. काडी वांकविली असतां मोडली पाहिजे. नुसती लवली तर आंत ओल आहे असें समजावें. चाळीस किलो गवत चार-पांच सच्छिद्र गोण्यांत बसतें. गोण्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचाव्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरूं नये, त्यांत घाम सुटून बुरशी येते. मृगानंतर दर पंधरा दिवसांनीं एकेका गोणींत हात खोल घालून पहावा. हातास ऊब किंवा नाकास कुबट वास लागला, तर ती गोणी सशासाठीं गेली असें समजून उकिरड्यावर टाकावी.